रिकामी वाटी आणि सुभेदारांची रजा

जळक्या मोहरीचा वास हा काही कौतुकाने वर्णन करावा असा सुगंध नव्हे. तो आधी नाकात चढतो, मग घशात उतरतो, आणि डोळ्यांतून पाणी काढल्यावाचून माघारी फिरत नाही. तरीही यंदा माघ सरत असताना, थेरगावातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, पोटावर ताजे टाके आणि टाक्यांवर उशी घेऊन मी निश्चल पहुडले होते, तेव्हा स्वयंपाकघरातून तो वास प्रथम आला आणि मला काय वाटले म्हणून सांगू? मला धन्य वाटले! खिडकीबाहेर डांगे चौकाकडून येणारा वाहनांचा अखंड घोष होता, चाकणकडे निघालेल्या कंपनीच्या बसचा अधीर हॉर्न होता, आणि आत, त्या साऱ्यावर मात करणारा, माझ्या पतीने जाळलेल्या मोहरीचा तो उग्र, करपट दरवळ होता. लग्नाला वीस वर्षे उलटून गेल्यावर माझ्या घरात माझ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी फोडणी दिली होती. ती जळली होती, हा तपशील गौण आहे.

माझे पती सैन्यात सुभेदार आहेत, आणि मी इथल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवते. आमचा संसार हा रजेवर चाललेला संसार. इतरांच्या घरी वर्षाला सहा ऋतू येतात, आमच्याकडे दोनच: ते आलेले असतात तो एक, आणि ते गेलेले असतात तो दुसरा. ते येतात तेव्हा पाहुण्यासारखा त्यांचा थाट असतो. आवडीच्या भाज्या होतात, घरातली चांगली चादर निघते, आणि आजारपण, तक्रारी, गळका नळ हे सारे मी त्यांच्या जाण्यानंतरच्या ऋतूसाठी राखून ठेवते. सासूबाई आता नाहीत. पण लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला फौजेतल्या घराची एक रीत शिकवली होती. निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवायचे, हसतमुखाने उभे राहायचे, आणि काही झाले तरी 'थांबा' म्हणायचे नाही. हा शब्द ऐकून गेलेल्या माणसाचे तिकडे लक्ष लागत नाही, असे त्या म्हणत. इतकी वर्षे मी ती रीत निष्ठेने पाळली. माझ्या शब्दसंग्रहातून तो शब्दच जणू रजेवर गेला होता.

आणि मग डॉक्टरीणबाईंनी सांगितले की पोटातली पिशवी काढावी लागेल. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे वाकायचे नाही, जिना फार चढायचा नाही, भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही! लेक कराडला शिकते, तिची परीक्षा तोंडावर आलेली. आईचे गुडघे तीन मजले चढायला राजी नाहीत. मी ईशान्येकडच्या डोंगरात असलेल्या सुभेदारांना फोन लावला, सारे सांगितले, आणि सवयीने पुढे जोडले, "येऊ नका हं, मी बघते." मग ते म्हणाले, "तू काय बघणार? तुला तर भूल देणार आहेत."

त्यानंतर काही दिवस आमच्या फोनवर दुसरा विषय नव्हता. तुम्ही कधी सैन्यातल्या रजांचा विचार केला आहे का? मी केला, आणि मला जेवढे उमगले तेवढे सांगते. 'बायकोच्या ऑपरेशननंतर तिच्या उशाशी बसण्याची रजा' अशा सुंदर नावाची रजा तिथे नाही. आहे ती किरकोळ रजा, जिला ते सीएल म्हणतात. ती इतकी छोटी की मी उठून बसायच्या आत संपायची. आहे ती मोठी, वार्षिक रजा. या दोघी एकमेकींना जोडून घेता येत नाहीत. सवतींसारख्या त्या वेगवेगळ्याच नांदतात. पुढच्या वर्षाची रजा आगाऊ मागण्याची वाट असते, पण ती पुढच्या दिवाळीच्या फराळाला आजच हात घालण्यासारखी. घराजवळ बदली मागण्याचाही अर्ज करता येतो. परंतु तो मंजूर होईपर्यंत मी बरी होऊन, चारधाम करून, परत आजारी पडले असते. अखेर सारे काही वरच्या साहेबांच्या मनावर आणि त्या वेळी माणसे किती हाताशी आहेत यावर असते. वरच्या मजल्यावरचे गिरीभाऊ मूळचे लातूरकडचे, आता चाकणच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. ते जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला धीर दिला. "वैनी, आमच्याकडं बायकोचं ऑपरेशन म्हणलं की सुपरवायझर पयलं इचारतंय, 'ऑपरेशन तू करणार हाईस का?' फौज बरी म्हणायची."

पण खरी अडचण रजेच्या प्रकारांत नव्हतीच. ती होती आमच्या गावच्या जत्रेत. साताऱ्याकडच्या आमच्या गावी चैत्रात देवाची पालखी निघते, आणि तिला पहिला खांदा देण्याचा मान भावकीतल्या घरांतून फिरत फिरत येतो. तो यंदा आमच्या घरावर आला होता. मानकऱ्याने मात्र आधीचे आठ दिवस गावातच मुक्काम करायचा, अशी रीत. पुन्हा येईल तेव्हा आमच्यापैकी कोणाचे खांदे त्या लायकीचे उरतील कोण जाणे! सुभेदारांनी पालखी लहानपणापासून पाहिली होती ती दुसऱ्यांच्या खांद्यावर, आणि नोकरी लागल्यापासून तीही नाही. वार्षिक रजा त्यांनी या एका सकाळसाठी जपून ठेवली होती. शेवटी त्यांनी तोडगा काढला: वार्षिक रजेचे दोन तुकडे करायचे, एक आत्ता माझ्यासाठी, दुसरा चैत्रात देवासाठी. पहिला तुकडा संपेपर्यंत मी हिंडती-फिरती झाले पाहिजे, एवढीच अट. म्हणजे पालखीचा मान आता माझ्या टाक्यांवर अवलंबून होता. मी मनाशी निश्चय केला की ठरल्या वेळेत बरी होऊन दाखवायचेच.

ते आले, आणि बूट काढण्याआधी म्हणाले, "चार्ज दे." फौजेत एका माणसाकडून दुसऱ्याकडे काम जाते तेव्हा सारे सामान मोजून, दाखवून, 'दिले' आणि 'घेतले' असे म्हणून सोपवायचे असते, हे मला ऐकून ठाऊक होते. पण माझ्या स्वयंपाकघराच्या दारात कोणी तसे सावधानमध्ये उभे राहील, असे स्वप्नातही आले नव्हते. कढई पाहिली, तिचा एक कान ढिला असल्याची नोंद तोंडी झाली. कुकरची शिट्टी उडवून पाहिली. मिसळणाच्या डब्यातली हळद कुठे आणि धनेपूड कुठे यावर मला उलट प्रश्न विचारले गेले. आणि मग ते मांडणीवरच्या वाट्यांपाशी येऊन थबकले. आपल्याकडे भांड्यांवर नावे कोरलेली असतात, हे तुम्ही जाणताच. सुभेदार एकेक वाटी उजेडात धरून वाचू लागले, आणि त्यांची मुद्रा गंभीर होत गेली. निम्म्या वाट्यांवर आमचे नाव नव्हतेच! कोणावर गिरींचे, कोणावर समोरच्या नसरीनभाभींचे, एकीवर तर तळमजल्यावरून केव्हाच घर बदलून गेलेल्या कुटुंबाचे. "कमी भरलं तर एक वेळ चालतं," ते म्हणाले, "जास्त भरलं तर चौकशी लागते." मी म्हटले, परत आल्यावर बघू. दुसऱ्या दिवशी मला लष्करी रुग्णालयात दाखल व्हायचे होते.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिच्याविषयी मला आठवते ते एवढेच की डोळे उघडले तेव्हा समोर ते उभे होते, आणि त्यांच्या हातात माझा चष्मा होता. तो त्यांनी माझ्या नाकावर ठेवला, उलटा. मी हसले, आणि हसता क्षणी पोटात अशी कळ उठली की बस! परिचारिकेने मला एक उशी दिली आणि बजावले, "खोकला आला, शिंक आली की ही पोटाशी घट्ट धरायची." हसण्याविषयी ती काही बोलली नाही. तिला वाटले असावे, ऑपरेशन झालेल्या बाईला हसवायला कोण बसले आहे? तिला आमचे सुभेदार ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी सर्वप्रथम त्या वाट्यांचा निकाल लावायला घेतला. मी औषधाच्या गुंगीत असताना ते एकेक वाटी घासून, पुसून, लखलखीत करून ज्याच्या-त्याच्या दारी पोचवून आले. रिकामी! आता तुम्हीच सांगा, आपल्यात कधी कोणी शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करते का? दुसरे काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतो आपण. पण ही रीत त्यांना कोण शिकवणार? ते घरी असत तेवढ्या दिवसांत वाट्यांची ही ये-जा माझ्या हातून परस्पर होत असे. त्यामुळे समोरच्या दारात काय दिसले असेल, विचार करा. ज्याची बायको नुकतीच रुग्णालयातून आली आहे असा एक ताठ, मिशाळ गृहस्थ, हातात लखलखीत रिकामी वाटी, मुखातून शब्द फुटेना. नसरीनभाभी नंतर मला सांगत होत्या, "काय सांगू भाभी, माझ्या काळजात चर्र झालं! 'ही वाटी' एवढंच बोलले आणि खाली बघत उभे राहिले. म्हटलं, केवढा मोठा साहेब, आणि मागायला लाजतोय बिचारा." त्यांनी वाटी खिम्याने काठोकाठ भरली, वर दोन चपात्या ठेवल्या, आणि दार लावून घेतल्यावर पदराने डोळे टिपले.

वरच्या मजल्यावर तोच प्रसंग शेंगदाण्याच्या आमटीने साजरा झाला. सुभेदार एकामागून एक भरल्या वाट्या घेऊन परतू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा विस्मय वाढत गेला. "जमा करायला गेलो," ते माझ्या उशाशी उभे राहून सांगू लागले, "तर भरून इश्यू झालं." मी उशी पोटाशी आवळली आणि भिंतीकडे तोंड केले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. कळ, हसू आणि त्या माणसाविषयीचा कळवळा, कशाकशाचे म्हणून सांगू? शेवटी धाप टाकत मी त्यांना रीत समजावून सांगितली. त्यांनी हातातली वाटी फिरवून तिच्यावरचे नाव पुन्हा वाचले. मग म्हणाले, "म्हणजे हा हिशेब कधीच मिटत नाही?" मिटत नाही, मी म्हटले. तो मिटू नये म्हणूनच तर वाटी भरून द्यायची असते.

झाले! दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी वाट्या भरून पाठवायला सुरुवात केली, आणि तीही स्वहस्ते केलेल्या उपम्याने, ज्यात रव्याच्या बरोबरीने जळकी मोहरी असे. गिरीभाऊ शिफ्टवरून येताना दारात डोकावले. "वैनी, साहेबाचा उपमा लई कडक. पोरं रडली, पर वाटी चाटून पुसून खाल्ली." त्या वाटीतून खाली चिवडा आला, चिवड्याच्या वाटीतून वर साबुदाणा गेला, नसरीनभाभींकडून शेवया आल्या, आणि आमच्या जिन्यात असे दळणवळण सुरू झाले की मांडणीवरच्या वाट्यांचा आकडा रोज निराळा भरू लागला.

पण मी केवळ फजितीच सांगत बसले तर त्यांच्यावर अन्याय होईल. हात वर केले की टाक्यांना ओढ बसे, म्हणून ते माझी वेणी घालत. तंबूचे दोर आवळायची सवय असलेल्या बोटांनी घातलेली ती वेणी इतकी घट्ट बसे की माझ्या भुवया वर ताणल्या जात आणि मी दिवसभर आश्चर्यचकित दिसत राही. भाभींनी एकदा घाबरून विचारलेसुद्धा, "काय झालं हो, काही वाईट बातमी का?" पण केसांतून फिरणारी ती राकट बोटे गुंता आला की थांबत, आणि टोकापासून हळूहळू सोडवत वर येत. दुखते का, असे ते एकदाही विचारत नसत. फक्त आरशात माझ्या डोळ्यांकडे पाहत. एवढ्या वर्षांत मी त्यांना चांगल्या चादरीवर बसवले होते, पण असे माझ्या पाठीशी बसू दिले होते का? आजारी, अजागळ, औषधांचा वास येणारी मी त्यांना दिसू नये म्हणून केवढी धडपड केली होती! आणि आता तीच मी त्यांच्या पुढ्यात, घट्ट वेणीची, हलकी हलकी होत चालले होते. लाजत का होईना, सांगून टाकते: त्या दिवसांत मी माझ्याच नवऱ्याच्या प्रेमात पडले.

म्हणूनच रजेचा तो पहिला तुकडा संपत आला तेव्हा माझी त्रेधा उडाली. डॉक्टरीणबाईंनी तपासले, मान हलवली आणि सांगितले की अजून काही दिवस वजन उचलायचे नाही, घरात कोणीतरी हवेच. सुभेदार त्या वेळी औषधे आणायला खाली गेले होते. मी बाईंचे म्हणणे गिळून टाकले आणि त्यांना सांगितले, "ठणठणीत आहे म्हणाल्या." डोळ्यांसमोर पालखी होती. इतक्या वर्षांनी दाराशी आलेला मान माझ्या पोटदुखीपायी परत जाऊ द्यायचा? छे! मी कमरेला पदर खोचला आणि चार्ज परत मागितला.

ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "ती कळशी ओट्यावर ठेव." कळशी भरलेली होती. मी हसतमुखाने, जशी दही ठेवताना हसते तशी हसून, ती उचलली आणि ओट्यावर ठेवली. पाणी हिंदकळले नाही, आवाज झाला नाही, मी 'आई ग' म्हटले नाही. अभिनयात काही उणे राहिले नव्हते. पण माझा डावा हात! तो मला न विचारता मागे गेला आणि हवेतच उशी शोधू लागला. ते त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी कळशी उचलून खाली ठेवली, मला खुर्चीत बसवले, आणि तिथेच माझ्यासमोर आपल्या साहेबांना फोन लावला.

"साहब, छुट्टी बढ़ानी पड़ेगी. चार्ज हैंडओवर नहीं हो सका. लेने वाला अनफिट है." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "रसोई का चार्ज, साहब," ते गंभीरपणे म्हणाले, "और कटोरियों का हिसाब भी नहीं मिल रहा." फोनमधून एक दीर्घ हास्य ऐकू आले, इतके मोठे की मलाही आपसूक उशी लागली. मग तो आवाज म्हणाला, "ठीक है साहब, पूरा चार्ज देकर ही आइए." रजा वाढली, आणि ती वाढली चैत्रातल्या त्या दुसऱ्या तुकड्यातून. मला रडू फुटले. मी म्हटले, अहो, पालखी! त्यांनी फोन खिशात ठेवला. "भावकीत खांद्यांना काय तोटा आहे?" ते म्हणाले. "इथं दुसरं कोण आहे?" आणि ते उपम्यासाठी मोहरी शोधायला वळले. हसताना टाक्यांना जिथे ओढ बसते, रडताना ती नेमकी तिथेच बसते, हे मला त्या दुपारी कळले.

पालखीला पहिला खांदा त्यांच्या चुलतभावाने दिला. फोनवर ते दृश्य आले तेव्हा मी पाहिले, सुभेदार पुढ्यातला फोन विसरून आपला उजवा खांदा किंचित खाली झुकवून बसले होते. ते मी त्यांना सांगितले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण ते माझ्या मनातून जात नाही.

मग खरोखर बरी झाले, आणि चार्जही परत मिळाला. कढई एक, कान आता घट्ट, घेतली. कुकर एक, घेतला. मिसळणाचा डबा, मोहरी संपत आलेली, घेतला. वाट्यांपाशी ते क्षणभर रेंगाळले आणि म्हणाले, "यांचं चालू दे." उशी एक, घेतली. मी त्यांच्या तळहातावर दही ठेवले. नसरीनभाभी, गिरीभाऊ दारांत उभे होते, आणि निरोपाला सगळ्यांच्याच हातांत वाट्या होत्या. बॅग खांद्याला लावून ते जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यावर पोचले, आणि माझ्या तोंडून तो शब्द सुटला.

"थांबा."

ते जागच्या जागी थांबले. वळले. चेहऱ्यावर काळजी. "काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हटले. "एकदा म्हणून बघितलं."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. "पुढच्या खेपेला लवकर म्हण," ते म्हणाले, आणि खाली उतरले. स्टेशनकडे निघालेल्या बसचा आवाज कोपऱ्यावरून लांबत गेला.

मी आत आले. कढई चढवली, तेल तापवले, मोहरी टाकली, आणि जिन्याकडे कान लावून उभी राहिले ती राहिलेच. वास नाकात चढला, घशात उतरला, डोळ्यांशी आला. वीस वर्षांत माझ्या हातून फोडणी कधी जळली नव्हती. खिडकी उघडायला हात पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.